बिघडलेला थर्मामीटर

सान रोके पुनर्वसन वसाहत,
१० जानेवारी

प्रिय पुरिंग,

तुझं पत्र मिळालं. गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. कॉफी इथेही मिळते, पण आमच्या सिबोल गावच्या झऱ्याची चव नाही. आंब्रोस्यो असता तर आपल्या बायकोला म्हणाला असता, "ही कॉफी की घोडे धुतलेलं पाणी?"

काल कॉन्व्हेंटमधला आपला फोटो सापडला. तुझी वेणी बाकाला बांधणारी मीच, हे तू सिस्टरना कधीच सांगितलं नाहीस. गुपित ठेवावं तर पुरिंगनं.

तुझ्या लिगायाला बाप्तिस्म्याला मी हातात धरलं, तेव्हापासून तू मला 'कुमारे' म्हणू लागलीस. लेकीची धर्ममाता म्हणजे बहिणीपेक्षा जवळची. म्हणून तर ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या तुझ्या ऑफिससाठी झऱ्याच्या पाण्याचं तापमान मी रोज मोजायची.

त्या आठवड्यात मी तुला फोन केला, "पुरिंग, झरा तापलाय. विहीर खाली गेलीय, तळ्यात मासे उलटे तरंगतायत."

"अगं कुमारे, थर्मामीटर बिघडलाय तुझा. आणि तुझं डोकंही तापलंय! नवा पाठवते. गावात बोलू नकोस हं."

आंब्रोस्यो हसला होता. "हात घालून बघ. तोही बिघडलाय का?" मीच त्याला गप्प केलं.

रविवारी तू आलीस. थर्मामीटर आणला नव्हतास. नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी आमच्या घरचा लाकडी बाळ येशू मागितलास. त्याला टॉवेलात गुंडाळताना तू नजर वर केली नाहीस. मला वाटलं, भक्ती.

नऊ दिवस भरायच्या आत डोंगर फुटला. आंब्रोस्यो घोडे सोडायला मागे वळला, तो आलाच नाही.

आता लिहितेस, साहेबांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, निदान बाळ येशू तरी वाचवला, सणाला परत आणते. वाचवलास, खरंय. माझ्या घरात बसून, माझी कॉफी पिऊन, कोणाला उचलायचं ते तू ठरवलंस. आंब्रोस्यो दारातच उभा होता गं. तुझी पिशवी रस्त्यापर्यंत त्यानंच आणून दिली.

बाळ येशू तुझ्याकडेच राहू दे. मला तो नवा थर्मामीटर तेवढा पाठव. डोंगर इथूनही दिसतो. विहिरीवर बायका विचारतात, "रेमी आजी, पाणी ठीक आहे ना?" मी हात घालून जे असेल ते सांगते, पण हात आता म्हातारा झालाय.

लिगायाला आशीर्वाद. तिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ती माझ्या हातात होती, ते नातं राहील. तू मात्र मला यापुढे कुमारे म्हणू नकोस.

लिगायाची धर्ममाता,
रेमेदियोस