आजोबांचा पाण्याचा रेणू

मंगळवार, चंदीगड

पाणी ध्रुवीय, मग कार्बन डायऑक्साइड का नाही? इराला काही केल्या पटेना. शेवटी मी नांदेडला माझ्या बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा जन्म अकरावीला केमिस्ट्री शिकवण्यात गेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात कायम शालीखाली. आज तो बाहेर आला!

"डोकं ऑक्सिजन, हात हायड्रोजन. रेणू वाकडा, म्हणून ओढ एका बाजूला उरते. कार्बन डायऑक्साइड मात्र सरळ. दोन्हीकडची ओढ सारखी, म्हणून उरत नाही."

ते दाखवायला डावा हात वर जाईना. मला बघवेना.

एरवी हिंदीतच बोलणाऱ्या इरानं दोन्ही हात पसरले. "आजोबा, कार्बन डायऑक्साइड मी बनते. तुम्ही पाणीच राहा."

बाबा किती हसले! देवा, आणखी काय मागू?

फोन ठेवेपर्यंत तो हात शालीबाहेरच होता.