तात्यांच्या छातीच्या मापाचा घोडा

३ नोव्हेंबर

आज पस्तीस किलोचा बार छातीवर घेऊन मी साधारण पाच मिनिटे बाकावर पडून होते. कांदे साठवायच्या रिकाम्या बराखीत, एकटी. ओरडले असते तर आई आली असती. पण आईपाठोपाठ शेजारच्या सरूबाई आल्या असत्या, आणि त्यांच्यापाठोपाठ टोमॅटो तोडणाऱ्या साऱ्या बाया! त्यापेक्षा गुदमरणे सभ्य वाटले.

शेवटी बार कलता करून एका बाजूच्या चकत्या खाली पाडल्या. बाहेरून आई — "काय पाडलं गं?"

"पुस्तक."

तिला पटले. माझी पुस्तके जाड असतात.

४ नोव्हेंबर

अठ्ठावीस तारखेला विद्यापीठाच्या पॉवरलिफ्टिंग संघाची निवड आहे. कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका मोहिनीमॅडम यांनी बजावले आहे : बार छातीला टेकलाच पाहिजे, नाहीतर उचल धरत नाहीत. मला हे हवे आहे. आजवर जे जे मिळाले ते उत्तरपत्रिकेत लिहून मिळाले. हे लिहून मिळणार नाही.

हात सुटला तर बार झेलणारा आधार हवा. आकृती काढली.

६ नोव्हेंबर

आकृती तात्यांच्या, माझ्या वडिलांच्या, हाती लागली. आता ते ती खिशात घालून वारूळवाडीभर हिंडत आहेत. "धाव्वीला तालुक्यात पयली आली व्हती, तिनं काढलीय!" चहाच्या टपरीवर समिती बसली. एकाचे मत — द्राक्षबागेचे जुने लोखंडी अँगल वापरा. दुसऱ्याचे — "पोरीच्या जातीला वजनच उचलायचं तर हंडे हायेत की, राव." तिसऱ्याने आकृती उलटी धरून मान डोलावली.

९ नोव्हेंबर

अँगल आणि माझा बाक घेऊन अकबरचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. "ह्याला आपण घोडा म्हनू," चाचा म्हणाले. "माप लागंल. बाकावर कोनीतरी झोपा."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले आणि मग अतिशय शालीनतेने पत्र्याकडे.

अखेर तात्या झोपले. तात्यांची छाती कोठे संपते आणि पोट कोठे सुरू होते, हा वादाचा विषय आहे. चाचांनी वाद टाळून सर्वांत उंच जागा धरली. बार झेलणारे आडवे गज तिथेच पक्के जोडले. "आता हालायचं नाव न्हाई!"

चूक मला दिसत होती. माझे माप कागदावर लिहून पिशवीत ठेवले होते. पिशवी घट्ट धरून उभी राहिले.

११ नोव्हेंबर

चाचणी. गजांवर टोमॅटोने भरलेली दहा क्रेट. घोडा तसूभर वाकला नाही! नारळ फोडला. सरूबाई — "लई ब्येस. आता पोरगी मरत न्हाई."

१२ नोव्हेंबर

बार छातीच्या चार बोटे वरच अडतो. घोडा इतका सुरक्षित आहे की व्यायाम होतच नाही.

१५ नोव्हेंबर

बाकाखाली विटा लावल्या. बाक डुगडुगला, मी घोड्याच्या बाहेर पडले. कोपर सोलले. तात्या धावत आले — "घोड्याला काय झालं न्हाई ना?"

१८ नोव्हेंबर

आळे गावाहून पाहुणे आले. बाकावर एकेक जण झोपला, फोटो काढले. चाचांना आणखी तीन घोड्यांचे काम मिळाले — याच मापाचे. दोन्ही गजांवर आईने गोधड्या वाळत घातल्या आहेत. तात्या सर्वांना सांगतात, "पोरीसाठी केलाय!" पाहुणे माझ्याकडे पाहतात, मी चहाचे कप उचलते. माझ्या वाट्याला आलेले हे एकमेव वजन.

२१ नोव्हेंबर

मॅडमचा निरोप : नाव पाठवू की नको? उद्या संध्याकाळपर्यंत सांग.

उत्तर तीनदा लिहिले. शुद्धलेखन निर्दोष होते. पाठवले एकही नाही.

२२ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. तात्यांना घोडा आणि बाक टेम्पोत घालायला लावला. चाचांच्या दुकानापुढे, भर गर्दीत, बाक मांडून उताणी झोपले आणि म्हणाले — सरूबाई भाजीवाल्यापाशी होत्या, तिथवर ऐकू गेले म्हणे — "चाचा, हे गज कापा. माप माझं घ्या."

चाचांनी जमिनीपासून टेप लावला. आकडा मीच वाचला.

मॅडमना कळवले : पाठवा.