उजवा आधी, डावा नंतर

मी, मार्लिस ओव्हरकाम्प, माहेरची टीलमान, वय एकाहत्तर, राहणार ओबरहाउझेन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. टाइप केलेलं चालत नाही. साक्षीदार इथल्या कायद्याला नकोत. मला हवेत, कारण माझा जन्म ज्या वादात गेला तो एका साक्षीवरूनच सुरू झाला.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि तळघरातली सायकल नवरा एकेहार्ट याला. त्याच्यामागे मुलगी सिल्के हिला.

कलम २. बागेतली लाकडी खोली सिल्केला. जमीन बागा भाड्याने देणाऱ्या संघटनेची आहे, त्यामुळे दर वसंतात कुंपणाची उंची मोजायला माणसं येतील. त्यांना मोजू द्यावं, कॉफी देऊ नये.

कलम ३. माझी पोहायची रबरी टोपी बाई नेटेलबेक यांना. मंगळवारी सकाळी तलावात माझं बटरफ्लाय सुरू झालं की त्यांचं एकच म्हणणं असतं, "अहो मार्लिस, कालच केस सेट करून घेतलेत मी. पाणी उडवायचं तर घरी टबात उडवा." आता टोपी घाला आणि सुखाने पोहा.

कलम ४. यात वाटणी काही नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. मे १९७२, म्युनिक ऑलिंपिकच्या निवडीची दोनशे मीटर शर्यत. मी पहिली आले. तिसऱ्या वळणावरच्या पंचाने मला बाद ठरवलं आणि दुसरी आलेली गुडरुन लेनार्ट्झ म्युनिकला गेली.

पंच चोवीस वर्षांचा, चष्मेवाला. मी ओल्या अंगानेच त्याला गाठलं.

"हा चष्मा बघायला लावलाय की शोभेला?"

"उजवा आधी, डावा नंतर. पाहिलं तेच लिहिलं."

"किती नंतर?"

त्याने बोट आणि अंगठा यांच्यात चिमूटभर अंतर धरून दाखवलं.

"आणि शंका असली तर फायदा पोहणाऱ्याला, हा नियम वाचलात ना?"

"शंका नव्हती."

इतका ठाम माणूस मी पाहिला नव्हता. तीन वर्षांनी त्याच्याशी लग्न केलं. पुढे सात वर्षं स्पर्धांत पोहले, दोनदा राष्ट्रीय विजेती झाले, पण ऑलिंपिकला कधी गेले नाही. तो राग केव्हाच विझला. कुतूहल मात्र जात नाही. हजारो वळणं मी डोळे मिटून घेतली, कुठला हात आधी लागतो हे कळावं म्हणून. हाताला ते कळत नाही.

कलम ५. तीन वर्षांपूर्वी गुडरुनने वडिलांचा पोटमाळा आवरला आणि एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. त्यांनी शर्यतीच्या दिवशी वळणाच्या बाजूने फिल्म घेतली होती. "मी पाहिलेली नाही," ती म्हणाली. "माझी हिंमत होत नाही. तू बघ बाई." मीही पाहिली नाही. एकेहार्ट चुकलेला दिसला तर त्याला ते सोसणार नाही. मी चुकलेली दिसले तर नाश्त्याला बोलायचं काय? पण न कळताच मरायचं, या विचाराने झोप लागत नाही. म्हणून माझ्यामागे एकेहार्ट आणि गुडरुन यांनी फिल्म एकत्र पाहावी, आणि त्याने थडग्यापाशी येऊन काय दिसलं ते मोठ्याने सांगावं.

स्थळ: ओबरहाउझेन. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४.

(सही) मार्लिस ओव्हरकाम्प

साक्षीदार १: गुडरुन लेनार्ट्झ. मला मान्य. केक मी आणीन.

साक्षीदार २: एकेहार्ट ओव्हरकाम्प. कलम ५ मला मान्य नाही. मी दगडाशी बोलणार नाही. क्लबचा प्रोजेक्टर मागून आणला आहे; पुढच्या शनिवारी तीन वाजता तिघं मिळून पाहू. त्याआधी एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या वळणावर माझ्या चष्म्यावर पाणी उडालं होतं. शंका होती. तरुण होतो, नाही म्हणालो, आणि मग रोजच नाही म्हणत राहिलो. आज मार्लिसने सही केली तेव्हा तिचे दोन्ही हात एकाच वेळी कागदावर टेकले. चष्मा पुसून पाहिलं आहे.