‘मले’ म्हणेल त्याले पास

१२ एप्रिल, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठे कोच लिहितात. कोणाला दाखवायची नाही. वर्षालीला तर नाहीच, ती बायको आहे.

परिस्थिती अशी. विभागीय लीगच्या ब गटात आपली इंद्रपुरी इलेव्हन यंदा प्ले-ऑफला पोचली. क्लब काढल्यापासून पहिल्यांदा. सेमीफायनल आपल्याकडे अमरावतीत, मग फायनल. फायनल जिंकेल तो अ गटात.

वामनराव आज स्पष्ट बोलले. ते क्लबचे अध्यक्ष, वरूडचे संत्र्याचे व्यापारी, आणि मैदान त्यांच्या मालकीचं. अ गटात गेलो तर मैदान फुटबॉलचं. नाही गेलो तर जाळी लावून बॉक्स क्रिकेट. म्हणाले, "क्रिकेटवाले बुकिंग करून येतेत मास्तर. तुमचे पोट्टे बोलावलं तरी येत नाहीत." मी म्हटलं, तुम्ही निश्चिंत राहा. म्हणाले, "मी निश्चिंतच हाय. जाळीवाल्याले फोन करून ठेवला."

दडपण टाकून पाहतात. माझ्यावर दडपण येत नाही. रात्री जेवण गेलं नाही, पण ते वांग्याच्या भाजीमुळे.

१३ एप्रिल, रविवार
सापडलं!

दिवसभर युरोपातल्या मॅचचे व्हिडिओ पाहिले. तिकडचा खेळाडू पास देताना पाहतच नाही. आपला पोट्टा आधी बॉल थांबवतो, मग मान वर करतो, मग चारी दिशा न्याहाळतो, तेवढ्यात गेटवर कोण उभं आहे तेही पाहून घेतो. तोवर बॉल दुसऱ्याच्या पायात.

उपाय: मान वर करायचीच नाही. ज्याला बॉल पाहिजे त्याने ओरडायचं, "मले!" ज्याच्याजवळ बॉल असेल त्याने आवाज आला तिकडे डोळे मिटून मारायचा. इंग्रजी शब्द नको, पोट्टे अडखळतात. "मले" तोंडात बसलेला शब्द आहे. आपल्या मातीतली सिस्टिम. नाव: मले सिस्टिम.

इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.

१४ एप्रिल, सोमवार
प्रॅक्टिसला कोणी नाही. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे. मी एकट्याने चुन्याच्या रेषा मारल्या, स्वतःच "मले" ओरडून स्वतःच पास दिला. सिस्टिम उत्तम चालते.

आज सुट्टी आहे असं संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. शिस्त राहिली पाहिजे.

१५ एप्रिल, मंगळवार
सिस्टिम समजावून सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. ताहेर कॅप्टन. गॅरेजमध्ये काम करतो, पुढे खेळतो, गोल तोच करतो. विचारलं, समजलं का? म्हणाला, "हव सर." मग सगळेच म्हणाले, "हव सर." अशी आज्ञाधारक टीम मिळायला भाग्य लागतं. वर्षानुवर्षं या पोरांनी मला एकदाही नाही म्हटलेलं नाही.

करून पाहिलं तेव्हा चौघे एकदम "मले" ओरडले. नितेश आपला लेफ्ट बॅक. मान खाली घालून धावताना थेट गोलपोस्टवर गेला. कपाळाला टेंगूळ. सुरुवातीला असं व्हायचंच.

१७ एप्रिल, गुरुवार
सिलेक्शन. कठोर निर्णय.

पुढे बंडू. ताहेर मागे, डिफेन्सला. बंडू वामनरावांचा भाचा आहे याचा इथे काही संबंध नाही. विचार खोल आहे. ताहेर दर मॅचला गोल करतो हे सगळ्या विभागाला माहीत. तो मागे असेल अशी शंकासुद्धा कोणाला येणार नाही. आणि बंडू एका जागी उभा राहिला की हलत नाही. याला पोझिशन सेन्स म्हणतात.

ताहेरला वाईट वाटेल म्हणून प्रेमाने समजावलं. म्हणाला, "हव सर." डोळ्यात नाराजी नाही, काही नाही. मोठ्या मनाचा मुलगा.

वामनरावांना यादी कळवली. म्हणाले, "तुमी कोच हा, तुमाले जे योग्य वाटन ते." फोन ठेवताना हसले असावेत.

२० एप्रिल, रविवार
जिंकलो! तीन-एक!

समोर रेल्वे डेपोची टीम. सगळे बदलीवर आलेले, कोणी बिहारचा, कोणी आंध्रचा. "मले" म्हणजे काय हे त्यांना जन्मात कळलं नसतं. मात्र आपल्या पोरांच्या तोंडून तो शब्द मला ऐकू आला नाही. प्रेक्षकांचा गलका फार होता.

एक अपघात झाला. शिट्टी वाजते न वाजते तोच बंडूच्या पायात गोळा आला. लंगडत बाहेर. नाइलाजाने ताहेर पुढे गेला, मला विचारायलाही वेळ मिळाला नाही त्याला. तिन्ही गोल त्याचेच. माझं म्हणणं खरं ठरलं: तो मागे असल्याने रेल्वेवाले गाफील राहिले.

हाफटाइमला मी पाणी प्यायला गेलो तर ताहेर सगळ्यांना गोल उभं करून काही सांगत होता, हाताने दाखवत होता. विचारलं, काय चाललंय? म्हणाला, "तुमचंच रिपीट करून राहिलो सर." कॅप्टन असावा तर असा.

वर्षाली म्हणते, मॅच चालू असताना बंडू गेटबाहेर आलूबोंडा खात उभा होता, दोन्ही पायांवर, आणि खिदळत होता. गोळे लवकर उतरले म्हणायचे. तरुण रक्त.

२२ एप्रिल, मंगळवार
फायनल अकोल्याला. ४ मे. समोर मोर्णा स्पोर्टिंग.

वर्षालीचं माहेर अकोला. तिचा भाऊ भगवंत मोर्णाची एकही मॅच सोडत नाही, घसा बसेपर्यंत ओरडतो. तेव्हा घरात शत्रूचं ठाणं आहे हे धरूनच चाललं पाहिजे. तरी पोळ्या लाटत होती म्हणून सहज सिस्टिम सांगितली. लाटणं थांबवून म्हणाली, "काहो, अकोल्याचे लोक काय इंग्रजीत बॉल मांगतेत? तेबी मलेच म्हणतीन ना?"

हा माहेरचा कैवार. मी दुर्लक्ष केलं.

२३ एप्रिल, बुधवार
वर्षालीच्या म्हणण्यावर रात्रभर विचार केला. म्हणजे दुर्लक्षच केलं, पण विचारपूर्वक. उत्तर सापडलं: आवाज. आपल्या पोरांना एकमेकांचे आवाज ओळखता येतात. अमरावतीच्या "मले"मध्ये आणि अकोल्याच्या "मले"मध्ये फरक आहे. अकोल्याचा जरा कोरडा असतो, उन्हामुळे.

तिला सांगितलं. तिने पोळी पानात वाढली. पटलं असावं.

२७ एप्रिल, रविवार
नितेश गैरहजर. लग्नाला धारणीला गेला होता, येताना बस घाटात बंद पडली. दुपारी जीपला लटकून आला, अंगभर धूळ. तसाच मैदानात उतरवला. पास देताना मान वर करून पाहत होता. रागावलो. म्हणाला, "पाहिल्याबिगर कसा देऊ सर, तिकडं कोन हाये कोन नाही." म्हटलं, विश्वास ठेव. म्हणाला, "हव सर." पुढचा पास पुन्हा पाहून.

संकल्प: फायनलपर्यंत कोणावर चिडायचं नाही.

२८ एप्रिल, सोमवार
चिडलो.

२ मे, शुक्रवार
शेवटची प्रॅक्टिस. मी मैदानावर गेलो तेव्हा वामनरावांचा माणूस टेप लावून मोजमाप घेत होता. पेनल्टी बॉक्सच्या मधोमध खुंटी ठोकली. मी म्हटलं, अजून निकाल लागायचाय. म्हणाला, "मोजून ठेवाले काय जाते सर."

त्यानंतर पोरांशी बोललो. जरा जास्तच बोललो बहुतेक. इतकी वर्षं या मैदानावर आलो, घरी राहिलो त्याहून जास्त इथे राहिलो, हे गेलं तर मी संध्याकाळी जायचं कुठे, असं काहीतरी. ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, परवा एकदा, एकदाच, मी सांगितलं तसं खेळा.

मध्येच वावटळ आली आणि डोळ्यात धूळ गेली. दोन्ही डोळ्यांत. पाच मिनिटं रुमालाने पुसत होतो. बंडूने न सांगता पाणी आणून दिलं. ताहेर खाली पाहत होता. वक्तृत्वाचा परिणाम.

(वावटळ दुसऱ्या कोणाला जाणवली नाही म्हणे.)

४ मे, रविवार. परतीची एसटी, मूर्तिजापूरच्या अलीकडे
शून्य-पाच.

नीट लिहून ठेवतो. कारणं: एक, ऊन. अकोल्याचं ऊन माणसासाठी नाहीच. दोन, मैदान त्यांच्या गोलकडून आपल्या गोलकडे उतरतं. हाफटाइमला बाजू बदलल्यावर उतार राहिला नाही, पण तोवर सवय झाली होती.

तीन. हे नीट सांगता येत नाही.

पहिल्या मिनिटापासून पोरांनी "मले" सुरू केलं. अकराच्या अकरा. ताहेर मागे, सांगितला तिथेच. बंडू पुढे, गोळाबिळा काही नाही. नितेशची मान खाली. माझा ऊर भरून आला. बाकावर बसवेना. जे व्हिडिओत पाहिलं ते डोळ्यासमोर घडत होतं. शेजारच्या पंचाला म्हटलंसुद्धा, ही माझी सिस्टिम.

मग डावीकडून आवाज आला, "मले दे बे, मले!" नितेशने न पाहता बॉल दिला. इतका नेमका पास त्याने आयुष्यात दिला नसेल. मोर्णाच्या दहा नंबरच्या पायात. गोल.

दुसराही तसाच. तिसऱ्यापर्यंत मोर्णावाल्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांचा जो तो "मले, मले." बाकावरचे राखीवसुद्धा. आवाजातला फरक मला तरी ऐकू आला नाही. शेवटी प्रेक्षकांतून कोणीतरी बेंबीच्या देठापासून "मले!" ओरडला आणि आपला गोलकीपर सरफराज याने बॉल थेट प्रेक्षकांत फेकला. ओरडणारा भगवंत होता. माझा सख्खा मेहुणा. बॉल झेलून त्याने मला हात केला.

मी मैदानाच्या कडेने धावत ओरडत होतो, पाहा रे, मान वर करा. कोणी ऐकलं नाही. एकाही पोराने शेवटपर्यंत मान वर केली नाही. शिस्तीत खोट काढता येणार नाही.

पुढच्या सीटवर नितेश खिडकीला डोकं टेकून झोपल्यासारखं करतोय.

५ मे, सोमवार
मोर्णाविरुद्ध आक्षेप नोंदवायचा ठरवलं. त्यांनी आमचा सांकेतिक शब्द वापरला. अर्ज लिहायला बसलो. त्याऐवजी त्यांनी कोणता शब्द वापरायला हवा होता तेही लिहावं लागेल. तिथे अडलो. वर्षालीला विचारणार होतो. "मले काय इचारता," म्हणाली असती.

वामनरावांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. नंतर मेसेज आला, हात जोडलेला.

६ मे, मंगळवार
मैदानावर गेलो. सवयीने. लोखंडी खांब येऊन पडलेत. ताहेर गोलपोस्टचे नट खोलत होता, वामनरावांनीच त्याला सांगितलं होतं. मी पाना धरला.

मनात होतं ते विचारलं. रेल्वेच्या मॅचला "मले" का ऐकू आलं नाही, आणि परवाच का ऐकू आलं.

पहिल्यांदा म्हणाला, जाऊ द्या सर. मग नट फिरवत फिरवत बोलला. माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमी सांगता ते आमी कदी खेळलोच नाही सर. या साली नाही, मांगच्या साली नाही. हव म्हनाचं अन् आपलं खेळाचं. तुमाले बरं वाटे, आमाले कायचं जड नव्हतं. बंडूबी समजदार हाये, पायात गोळा आन म्हनलं का आनते." मी म्हटलं, मग परवा? त्याने पुढचा नट घेतला. "शुक्रवारी तुमी रडले ना सर. पोट्टे म्हने, निदान एक डाव ऐकू सरचं. मी म्हनलं, हरू. म्हने, हरू तं हरू, बिचारे कधीचे सांगून राह्यले."

धूळ होती, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "हव सर."

लाज वाटली. आणि खरं लिहायचं तर, कुठेतरी बरंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली. मैदान त्यांचं गेलं. माझ्यापायी गेलं आणि त्यांनी ते जाणूनबुजून जाऊ दिलं.

गोलपोस्ट आडवी केली. दोघांनी धरून भिंतीला लावली. निघताना ताहेर म्हणाला, मोर्णावाल्यांनी त्याला आणि नितेशला पुढच्या सीझनला बोलावलंय, अ गटात. "जाऊ का सर? तुमी नाही म्हनान तं नाही जात." या वेळी तो खरंच विचारत होता. मी म्हटलं, जा.

अ गटात कसं खेळायचं ते सांगायला तोंड उघडलं होतं. मग उन्हात टोपी घालून जात जा एवढंच सांगितलं.