चेंबरातलं कुंकू

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार दुपार

चि. प्रबोध,

तुझ्या दिवंगत ताईच्या नवऱ्याकडून तुला आशीर्वाद (रागासकट). तुझी कंबर, सौ. प्रणिताचा गुडघा आणि तुमच्या चाचणी-रेंजवरची ती रायफल, तिघंही बरी असतील असं धरून चालतो. रायफल बरी आहे हे तर मला नक्की ठाऊक आहे, कारण ती बरी झाल्यापासून तुझा फोन आलेला नाही.

माझं म्हणशील तर इथे सगळं उत्तम आहे आणि उत्तमावर काही इलाज नसतो. सारंग आणि सूनबाई अनघा सकाळी वन-नॉर्थला ऑफिसात जातात, अवनी शाळेत. मग बाराव्या मजल्यावर मी आणि फ्रिज. फ्रिज अधूनमधून बोलतो. ज्या माणसाने आपल्या रायफल-कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटलेल्या भुकेल्या लोकांना घरी जाण्यापासून नुसत्या शब्दांनी रोखून धरलं, त्याला इथे 'लिफ्ट आली' एवढंच बोलायला मिळतं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी म्हातारे सोंगट्यांचा कसलासा खेळ खेळतात. एकदा मी त्यांना यंत्र आणि विवेक या विषयावर इंग्रजीत थोडंसं सांगितलं. (थोडंसंच. सूर्य मावळायच्या आत संपवलं.) त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकाने मला बसायला खुर्ची दिली. सौजन्य म्हणायचं ते, पण प्रबोध, ना कोणी हरकत घेतली, ना कोणी उठून गेलं! अशा सभेत माणूस गुदमरतो.

अशात तुझा फोन आला. भावोजी, खरेदीदार चाचणीला यायचेत आणि सायलेन्सर लावला की रायफलीत पुंगळी अडकते. सायलेन्सर काढला की रायफल शहाण्यासारखी चालते. तुझी नोकरी पणाला लागलेली आणि तू रडकुंडीला आलेला. खरं सांगतो, इतकं ताजंतवानं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मी तुला पहिल्याच दिवशी सगळं विस्ताराने समजावलं. (तू मध्येच "भावोजी, भाषण नको, उपाय सांगा" म्हणालास, तरी मी दोन्ही दिले.) बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्याच्या, भिंतीला घट्ट बसते आणि दाब उतरला की सैल होते. सायलेन्सर गॅसला बाहेर पडू देत नाही, दाब रेंगाळतो, चेंबरचं मागचं दार म्हणजे बोल्ट, तो मात्र त्याच गॅसच्या धक्क्याने घाईने उघडतो आणि अजून फुगलेल्या पुंगळीला कडेला धरून ओढतो. कड फाटते, पुंगळी आतच. तेव्हा गॅस कमी करा, म्हणालो. तुम्ही इतका कमी केलात की रायफलीला बोल्ट मागे ढकलायचंही त्राण उरलं नाही. मग पुंगळी ओढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, बदलला, काडतुसांचा लॉट बदलला. रोज संध्याकाळी चेंबर स्वच्छ करता का, विचारलं, करतो म्हणालास. दुसऱ्या दिवशी पुंगळी पुन्हा आत. आणि रोज तुझा फोन! मी दुपारपासून चष्मा पुसून बसायचो.

एकदा तुझा फोन मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, घेतला. डब्यात मराठी कोणाला कळणार, म्हणून गेटवरच्या आवाजात सांगितलं की रायफल टेकवून धरा, सळई तोंडातून घाला आणि पुंगळी ठोकून मागच्या बाजूने बाहेर काढा. मराठी कोणाला कळलं नाही, पण रायफल, सायलेन्सर आणि चेंबर हे तीन शब्द सगळ्यांना कळले. शेजारच्या बाई पिशवी उचलून डब्याच्या टोकाला गेल्या. समोरचा एक तरुण पुढे वाकून हळूच म्हणाला, "काका, मी सांगलीचा. प्लीज, पुढच्या स्टेशनला उतरा." उतरलो. घरी सारंगने हात जोडले. "बाबा, तुम्ही इथे व्हिजिट पासवर आहात. फोनवर यापुढे फक्त तब्येत." म्हणून हे पत्र.

त्यानंतर दाबाचा सिद्धांत मी घरातच, अवनीला प्रयोगाने दाखवायचं ठरवलं. कुकर म्हणजे सायलेन्सर लावलेली रायफल. वाफ उतरायच्या आत झाकणाशी झटापट केली की काय होतं ते बघ, म्हटलं. "आजोबा, कॅनॉट लाह!" असं (म्हणजे 'असलं काही करायचं नाही!') ओरडून ती पोर दाराआड पळाली. मी झाकण सांडशीने हलवलं. सिद्धांत सिद्ध झाला. वरण छताला लागलं. माझ्या हातावर थोडं आलं, पण ते सारंगला सांगू नकोस, मी लांब बाह्यांचा शर्ट घालतो.

अनघा स्टुलावर चढून छत पुसत होती. मी खाली उभा राहून तिला, शिक्षा म्हणून नव्हे, तू पाठवलेला पुंगळीचा फोटो दाखवत होतो आणि तिच्यावरचा लालसर थर म्हणजे पितळ भाजल्याची खूण कशी, ते सांगत होतो. तिने वरूनच नजर टाकली. "बाबा, हे कुंकू आहे."

रात्री, सारंगची पाठ वळताच, मी फोन लावला आणि तू कबूल केलंस. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली. बाकीच्या रायफलींना कुंकू नळीच्या तोंडाशी लागलं. हिच्या तोंडावर सायलेन्सर. आणि सायलेन्सर हे काही शस्त्र नव्हे, तो जोडभाग, त्याला कुंकू कसं चालेल? म्हणून तू बोल्ट मागे ओढून थेट चेंबरमध्ये तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवलंस! आणि पुंगळी अडकायला लागल्यावर, चाचणी नीट व्हावी म्हणून, रोज सकाळी ताजं. संध्याकाळी चिंधी फिरवून पुसायचं, सकाळी भक्तीने पुन्हा भरायचं. सायलेन्सरमुळे मागे येणारी काजळी त्यावर भाजून बसायची. रायफल जितकी अडायची तितकं तुझं कुंकू वाढायचं.

प्रबोध, त्या गेटवर मी आयुष्यभर काय सांगत होतो? यंत्राला पूजा नको, निगा हवी! लोक हसले, तूही हसलास, तुझी ताई तर दर दसऱ्याला मुद्दाम माझ्याच चष्म्याला कुंकू लावायची. आज पितळावर लाल अक्षरांत पुरावा मिळाला. इतका निर्विवाद विजय कोणत्या वक्त्याला मिळाला असेल? मी भाषणाला उभा राहिलो. समोर अनघा फडकं पिळत होती. "जेवून घ्या बाबा," म्हणाली. (गुणी मुलगी आहे. पण विजयानंतर माणसाने वरणाशिवाय भात खाऊ नये.)

तेव्हा माझं बजावून सांगणं आहे: पूजा कायमची बंद करा. रेंजवर कुंकवाचा करंडा दिसता कामा नये.

तुझा,
पद्माकर

ता. क. चेंबर गोल ब्रशने घासा, नंतर कोरडं करा. तेलाचा थेंबही नको. चाचणी पार पडली हे मला, तू सारंगला केलेल्या फोनमुळे, त्याच्याकडून कळलं. अभिनंदन.

ता. ता. क. पाच फेब्रुवारीला रायफलींचा माल कारखान्याबाहेर पडतोय, असंही तो म्हणाला. नारळ फोडणार असाल. वर जे बजावलंय ते मनावर घेऊ नकोस. पूजा करा, चांगली दणक्यात करा, कुंकू हवं तेवढं (बाहेरून). फक्त सारंगला असं कळव, की विरोध करायला भावोजी लागतील, त्यांच्याशिवाय तिकडे कोणालाही नीट विरोध करता येत नाही. तिकीट तो लगेच काढेल. परतीचं काढू नकोस म्हणावं.