मोठ्या आवाजाची तालीम

मंगळवार, ४ मार्च

आज कुजबुजीने मला खोलीत ओढून नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "आजी, मी इंटर्नशिपला अर्ज केलाय. थीम पार्कमध्ये. पगारी आहे." मी म्हटलं, जरा मोठ्याने सांग की. तर म्हणते, "मोठ्यानेच सांगतेय."

हेच तर दुखणं आहे. माझी नात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली, पण आवाज अजून पाळण्यातच आहे. म्हणून तर मी तिला कुजबूज म्हणते. फोनवर बोलायला लागली की समोरचा "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतो.

थीम पार्क म्हणजे काय ते मी नीट विचारून घेतलं. मोठाले पाळणे, उलट्या लटकणाऱ्या गाड्या, आणि माणसं तिकीट काढून किंचाळतात. आमच्या वेळी फुकट किंचाळायला मिळायचं. सासरीच. असो. आणि इंटर्नशिप म्हणजे शिकता शिकता काम. सुट्टीभर तिथे राहायचं, पाहुण्यांना हवं-नको बघायचं. तिथे गिऱ्हाइकाला पाहुणा म्हणतात म्हणे. शब्द मला आवडला.

मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं. सूनबाईने नुसतं फडकं दिलं हातात.

बुधवार, ५ मार्च

मुलाला कळलं. जेवताना म्हणाला, "दारावर आलेल्या माणसाला 'कोण हवंय' विचारता येत नाही हिला, आणि ही रांगा आवरणार?" कुजबूज काहीतरी म्हणाली. "काय?" म्हणाला. ती परत म्हणाली. "काय?" तिसऱ्यांदा सूनबाईने सांगितलं, "ती म्हणतेय, मला जमेल."

मग त्याने निकाल दिला. मुलाखतीत निवड झाली तर खुशाल जा. नाही झाली तर सुट्टीभर मामाच्या फरशीच्या दुकानात बसून बिलं लिहायची. मामा चांगला आहे हो, पण त्याच्या दुकानात फरश्यांशिवाय कोणी नाही, आणि मामाही फरशीसारखाच. पोरगी तिथे बसली तर उरलासुरला आवाजही जायचा.

पानावरून उठताना तिचे डोळे भरले होते. मी पाहिलं. म्हटलं, थांब तू. मी आहे ना.

शनिवार, ८ मार्च

तालीम सुरू! मुलाखत संगणकावर होणार, घरातूनच. त्यात म्हणे असं विचारतात – पाहुणा चिडला तर काय कराल, पाहुणा घाबरला तर काय कराल. मग मीच पाहुणा झाले.

आमचं ठरलं आहे. ती खणखणीत म्हणणार, "आपलं स्वागत आहे, काय मदत करू?" – की मी सुरू. आज मी आधी चप्पल हरवलेली बाई झाले. मग रांगेत घुसणारी. मग "माझ्या मुलाची ओळख आहे वरपर्यंत" म्हणणारी. ही शेवटची फार छान जमली. शेजारची शिंपीणबाई मापाला आली होती, ती दारातच थबकली. तिला वाटलं आमच्यात भांडण लागलंय. कळल्यावर टेप गुंडाळून बसली आणि म्हणाली, "आजी, माझी गिऱ्हाइकं करा ना, मी सांगते कशी बोलतात ती." ब्लाउजाचं माप राहिलं ते राहिलंच.

कुजबुजीचा आवाज मात्र पहिल्या दोन शब्दांपुरताच वर जातो. "आपलं स्वागत" ऐकू येतं, "आहे" कुठेतरी सांडतं.

सोमवार, १० मार्च

आज घाबरलेली म्हातारी केली. पाळणा वर गेलाय आणि मला उतरायचंय. खाटेचा कठडा धरून असा आकांत मांडला की मुलगा बाहेरून धावत आला. "आई, काय झालं?" म्हटलं, काही नाही, मी उंचावर आहे. तो तसाच माघारी गेला.

गुडघा दुखतोय. पाहुणा होणं सोपं नाही.

बुधवार, १२ मार्च

मुलाखत उद्या. तिने निळा सदरा काढून ठेवलाय. जेवली नाही. मी तेल लावून दिलं डोक्याला, तेवढ्यात पेंगली.

गुरुवार, १३ मार्च

लिहू की नको. लिहितेच.

फोनची रेंज फक्त माझ्याच खोलीत नीट येते, म्हणून मुलाखत तिथे. मी खाटेवर, संगणकाच्या नजरेबाहेर, कपड्यांच्या घड्या करत. मला बजावलं होतं, आजी, चूं करायचं नाही. मी केलंही नव्हतं. तिने कानात ती बोंडं घातलेली, त्यामुळे पलीकडचे काय विचारतात ते मला कळेना. फक्त ती ऐकू येत होती, तीही मेली अर्धीमुर्धी.

मधेच ती गप्प झाली. मान लाल. मला वाटलं, गेली पोरगी फरशीच्या दुकानात. आणि तेवढ्यात ती एकदम म्हणाली, "आपलं स्वागत आहे, काय मदत करू?"

आता मला काय वाटणार? मला वाटलं, त्यांनी करून दाखवायला सांगितलं आणि ही मला हाक देतेय!

मी कठडा धरला आणि सुरू झाले. "अगं बाई, उतरव मला! थांबव ते चाक!" सगळं घातलं त्यात – रडणं, धाप, सगळं. तिने वळून पाहिलं. बोंडं काढली, उठली, माझ्यापुढे गुडघ्यावर बसली. मी वाट बघतेय, आता ही खणखणीत बोलेल. एक शब्द नाही. तोंड उघडलं, मिटलं. मग माझे दोन्ही हात हातात घेतले, गाल फुगवले आणि डोलायला लागली. हळूहळू. मी ओरडायचं सोडून तिच्याबरोबर डोलायला लागले. मग तिने डोळे असे वटारले की मला हसूच आलं. खोटं कशाला लिहू, हात माझे खरंच थरथरत होते, ते थांबले.

आणि मग संगणकाकडे लक्ष गेलं. ती वळताना तो हलला असणार. आत एक चष्म्याची बाई आणि एक टकला गृहस्थ. दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या मांडीवर मुलाची बनियन.

"माफ करा," कुजबूज म्हणाली, "ही माझी आजी." मग तिचा आवाजही संपला आणि मुलाखतही.

मुलगा घरी आल्यावर म्हणाला, "आई, चाळीस माणसांची मुलाखत असती तरी तू एकटीने पाडली असतीस."

शुक्रवार, १४ मार्च

कुजबूज रागावली नाही, हे जास्त लागतंय. म्हणाली, "आजी, मी तशीही अडकलेच होते. ते वाक्य तेवढं पाठ होतं, म्हणून म्हटलं." मी विचारलं, पण मग तू मला उत्तर का नाही दिलंस? म्हणाली, "बोलायला सुचलंच नाही. तू खरंच घाबरलीस असं वाटलं."

शिंपीणबाई म्हणाली, नटी व्हायला हवं होतं तुम्ही. आज ते ऐकून बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

मंगळवार, १८ मार्च

पार्कातून फोन आला! या वेळी मी लांब, मोरीत उभी राहिले. प्रश्न तिने मागाहून सांगितले, तेही काय – उंची किती? उकाडा सोसतो का? अंधाऱ्या, बंद जागेत जीव घाबरतो का? तिने तीन वेळा उत्तर दिलं तेव्हा त्यांना ऐकू गेलं.

मुलगा म्हणाला, तळघरात माल मोजायला ठेवणार असतील. सूनबाई म्हणाली, गणवेश शिवायचा असेल. शिंपीण म्हणाली, गणवेशाला अंधार कशाला?

मामाचाही निरोप आला, खुर्ची पुसून ठेवलीय म्हणून.

गुरुवार, २० मार्च

निवड झाली. आमची कुजबूज अस्वल होणार. पार्कातलं मोठं, तपकिरी, पोरांना मिठी मारणारं, केसाळ पोशाखातलं अस्वल – पगार ठरला तोच. चष्म्याच्या बाईने एकच नियम सक्त सांगितला आहे: अस्वलाने तोंडातून एक शब्दही काढायचा नाही.