मॅनेजरचा चौकोन

भोसरी

अब्बा, सलाम.

मी मजेत आहे. फोन लावला की मामू शेजारी येऊन बसतात, म्हणून कागदावर लिहितेय. अम्मीचा गुडघा कसा आहे?

कॉलेजात कॉम्प्युटरच्या विषयाला एखाद्या धंद्याची माहिती देणारं पीपीटी करायचं होतं. मी मामूंच्या वर्कशॉपचं केलं. त्यात कोण कोणाच्या हाताखाली, हे दाखवणारा तक्ता असतो. वर मालक म्हणून मामू, खाली फिटर आणि वेल्डर. मधला मॅनेजरचा चौकोन रिकामा वाईट दिसत होता, म्हणून मी माझंच नाव टाकलं.

सर खूश झाले. मामू तर इतके, की सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तुम्हीही अंगठा पाठवलात म्हणे!

आता मी बी.एड.चं नाव काढलं की मामू हसतात. "मॅनेजर व्हायचं तूच तर ठरवलंस की." त्यांच्याच घरात राहून नाही कसं म्हणू? मामी प्रेमानं वाढतात, जेवणाची काळजी करू नका.

चौकोन पुसायला एक बटण पुरतं, अब्बा. पण मामूंनी माझ्यासाठी टेबल आणलंय, आणि काल मशीन बसवतात तसं ते जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलंय.

दुआ करा.

तुमची
अलमास